चेटकिणीची बेकरी आणि शहाण्यांची पोटदुखी

“खून म्हणजे काय चहात बुडवून खायची खारी आहे?” असा प्रश्न टाकणाऱ्या माणसाला उत्तर नको असतं. प्रश्न टाकून झाला की तो मागे रेलतो आणि कोण कोण हसलं ते पाहतो. विषय असतो इंग्रजीतल्या ‘कोझी’ रहस्यकादंबऱ्यांचा, आणि त्यातही अशा एका उपशाखेचा, जिचं नुसतं वर्णन केलं तरी बैठकीत हशा पिकतो. छोटंसं गाव. गावात बेकरी. बेकरी चालवणारी बाई चेटकीण. तिच्या दारात एक दिवस प्रेत. मग खुनी सापडेपर्यंत पानोपानी दालचिनीचा वास, आणि सगळं उलगडल्यावर, शेवटच्या पानांवर, पाककृती. खुनी तुरुंगात गेला, आता ओव्हन तापत ठेवा. इथे आपल्या चोखंदळ वाचकाचा संयम सुटतो.

त्याचं म्हणणं असं. मृत्यू ही गंभीर गोष्ट आहे आणि ही पुस्तकं तिला गोंडस करून टाकतात. त्यात जादू आणली की रहस्यकथेचा पायाच उखडतो, कारण जिच्या मुठीत मंत्र आहे तिने डोकं कशाला चालवावं? शिवाय चेटकीण, बेकरी आणि मांजर ही जुळणी कुणा लेखकाला सुचलेली नाही. ती प्रकाशकाच्या विक्री विभागाने गिऱ्हाइकांच्या आवडींची बेरीज करून काढलेली आहे. एवढ्यावरही भागत नाही. आपल्याकडे आजही एखादीला डाकीण ठरवून मारहाण होते, आणि तुम्ही चेटकिणीच्या हातच्या केकची वर्णनं चवीने वाचता? या सगळ्याखाली आणखी एक आक्षेप असतो. तो तोंडाने बोलला जात नाही, ओठांच्या कोपऱ्यात दिसतो फक्त: हे बायकांचं वाचन.

मला या मताचा कंटाळा आला असता तर सोडून दिलं असतं. राग आला आहे. राग यासाठी की हे मत मांडणारे बहुतेक जण पुस्तक न उघडता बोलतात, आणि जे पुस्तक उघडून बोलतात ते इतिहास न उघडता.

उदाहरण समोर ठेवूनच बोलू. बेली केट्स या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेची ‘ब्राउनीज अँड ब्रूमस्टिक्स’ ही कादंबरी 2012 साली आली आणि पुढे तिची मालिका झाली. गाव अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं सव्हॅना. केटी लाइटफूट नावाची तरुण बेकर नात्यातल्या लुसी आणि बेन या जोडप्याबरोबर ‘हनीबी’ नावाची बेकरी सुरू करायला तिथे येते, आणि आपल्या घराण्यात जादू आहे हे तिला तिथेच कळतं. गावातली एक पैसेवाली, कुणालाच न आवडणारी बाई मारली जाते. संशय बेनवर येतो. बेकरीच्या पाटीवरचा रंग वाळतो न वाळतो तोच तिच्या नावाभोवती कुजबुज सुरू होते. पुढच्या एका भागाचं नाव ‘स्पेल्स अँड स्कोन्स’ आहे. असल्या कोट्या मलाही सहन होत नाहीत. या शाखेतली बरीच पुस्तकं पाट्या टाकल्यासारखी लिहिलेली असतात, हेही खरं. पण बरेच कवितासंग्रहही तसेच असतात, म्हणून कुणी कवितेला रद्दीत काढायला निघत नाही. एवढी सवलत दिली, आता पुढे काही मिळणार नाही.

गोंडसपणाच्या आरोपाला एक खानदान आहे. 1944 साली रहस्यकथाकार रेमंड चँडलरने ‘अटलांटिक मंथली’त ‘द सिम्पल आर्ट ऑफ मर्डर’ हा लेख लिहिला आणि इंग्रजी दिवाणखान्यांतल्या नीटनेटक्या खुनांची यथेच्छ टर उडवली. त्याचा नायक म्हणजे लेखक डॅशिएल हॅमेट. खून जिथे खरोखर घडतो तिथे, म्हणजे गल्लीबोळांत आणि गुंडांच्या हातात, त्याने तो परत नेऊन ठेवला असं चँडलरचं म्हणणं. पुढच्याच वर्षी समीक्षक एडमंड विल्सनने ‘न्यूयॉर्कर’मध्ये अगाथा ख्रिस्तीच्या कादंबरीतल्या रॉजर अ‍ॅक्रॉइडला कुणी मारलं याची कुणाला पर्वा आहे, असा सवाल केला. तेव्हापासून ऐंशी वर्षं हे दोन लेख न वाचलेली माणसंसुद्धा त्यांतलंच बोलत आली आहेत: रक्त दिसलं तर वास्तव, रक्त दिसलं नाही तर करमणूक.

हे वास्तव नक्की कुणाचं? जगभरात ज्या बायका मुद्दाम मारल्या जातात त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींचा जीव नवरा, जोडीदार किंवा घरातलाच कुणी घेतो, असं संयुक्त राष्ट्रांचे अहवाल सांगतात. म्हणजे पावसात भिजणारी गल्ली, हॅट घातलेला एकाकी शिलेदार आणि क्लबमधली मायावी सुंदरी हीच खरी परीकथा ठरते. दिवाणखाना, स्वयंपाकघर, मृत्युपत्र, दुधाचा पेला हा खुनाचा जास्त प्रामाणिक पत्ता आहे. कोझीवाल्या लेखिकांना तो कधीपासून ठाऊक आहे. डायान मॉट डेव्हिडसनच्या ‘केटरिंग टू नोबडी’ या 1990 सालच्या कादंबरीने स्वयंपाकघरातल्या या रहस्यकथांची लाट उसळवली. तिची नायिका गोल्डी कोलोरॅडोतल्या एका गावात केटरिंगचा धंदा करते. का करते? प्रतिष्ठित डॉक्टर नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून, मुलाला घेऊन, तिला पोट भरायचं आहे म्हणून. तिच्या पाककृती हा तिच्या स्वातंत्र्याचा हिशेब आहे. हे ज्याला गोंडस वाटतं त्याने ‘गोंडस’ शब्दाची व्याख्या एकदा लिहून द्यावी.

आणि उघड्या रक्ताने गांभीर्य येतं म्हणणाऱ्यांनी आपल्या कपाटातली ‘गंभीर’ थ्रिलरं एकदा चाळून बघावीत. पहिल्या पाच पानांत प्रेत. प्रेत बहुधा तरुण बाईचं. कपडे कुठवर फाटले होते, कुठे कुठे जखमा होत्या, सगळं तब्येतीत. मेलेल्या बाईकडे इतक्या बारकाईने पाहायचं आणि जिवंत असताना तिचं नाव काय होतं ते तिसऱ्या प्रकरणात सांगायचं, याला म्हणायचं गांभीर्य. बेकरीच्या दारातलं प्रेत झाकलेलं असतं. उरलेलं पुस्तक ते माणूस कोण होतं, त्याने कुणाचे पैसे बुडवले होते, कुणाचं प्रेम नाकारलं होतं, यात जातं. मृताचा मान नक्की कुठे राखला गेला?

जादूच्या आक्षेपाला दम आहे असं सगळ्यांना वाटतं, म्हणून त्याच्याकडे जरा सावकाश बघू. रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने 1929 साली रहस्यकथेसाठी दहा नियम घालून दिले, आणि त्यांत दैवी वा अमानवी शक्तीला सरळ बंदी होती. हा नॉक्स स्वतः कॅथलिक धर्मगुरू! पुढच्या वर्षी लंडनमध्ये ‘डिटेक्शन क्लब’ निघाला, त्याचा पहिला अध्यक्ष जी. के. चेस्टरटन, त्याचा गुप्तहेर फादर ब्राउनही धर्मगुरूच, आणि गावकऱ्यांना भूत दिसलं की त्यामागचा माणूस हुडकून काढणं हा त्याचा छंद. मुद्दा देवाधर्माचा नव्हताच. मुद्दा फसवणुकीचा होता. लेखकाने शेवटच्या पानावर खिशातून असं काही काढायचं नाही, ज्याची कल्पना वाचकाला आधी दिलेली नाही.

ठीक. पण मग अडचण जादूची आहे की न सांगितलेल्या जादूची? अगदी हाच वाद विज्ञानकथेत झाला होता. संपादक जॉन कॅम्पबेलचं मत होतं की विज्ञानकथेत रहस्यकथा शक्यच नाही, कारण गुप्तहेर अडला की नवं यंत्र काढेल. आयझॅक असिमॉव्हने 1954 साली ‘द केव्हज ऑफ स्टील’ लिहून हे मत निकालात काढलं. त्या जगातले यंत्रमानव काय करू शकतात आणि काय करू शकत नाहीत हे त्याने आधी सांगितलं, आणि मग त्याच नियमांत राहून खुनी पकडून दाखवला. चेटकिणीची बेकरी हेच करते, फक्त ओव्हनपाशी उभं राहून. केटीची जादू काय असते? चिमूटभर रोझमेरी कणकेत मळताना पुटपुटलेले दोन शब्द, गिऱ्हाइकाला थोडा धीर यावा म्हणून. मेलेल्याला ती उठवू शकत नाही. खुन्याचं नाव पिठात उमटत नाही. आणि समजा उमटलं, तरी ते घेऊन ती पोलिसांकडे जाणार कशी? इथेच या प्रकाराची खरी गंमत आहे. चेटकीण नायिकेला पुरावा इतरांपेक्षा जास्त लागतो. साध्या गुप्तहेराला संशय आला तर तो बोलून दाखवतो. हिने बोलून दाखवलं तर पहिला प्रश्न येणार, तुला कसं कळलं? म्हणून पावती, किल्ली, वेळापत्रक, शेजारणीचं बोलणं असं सगळं मिळून उत्तर साध्या माणसांच्या भाषेत उभं करणं तिला भाग पडतं. जादूने तर्काची सुट्टी केली नाही, कामाचे तास वाढवले.

बाकी शेरलॉक होम्स बुटाच्या चिखलावरून माणूस कुठून आला ते सांगतो, ते विज्ञान. बाईने चहापत्तीवरून सांगितलं तर थोतांड. मराठी वाचकाने तरी हा सोवळेपणा करू नये. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड ज्या चपळाईने भिंती ओलांडत, तिच्यापुढे झाडूवर बसून उडणं किरकोळ आहे. नारायण धारपांच्या समर्थांनी तर अमानवी शक्तींशी अमानवी शक्तीनेच झुंज दिली, आणि आपण ती श्वास रोखून वाचली. समर्थांना कुणी नॉक्सचे नियम दाखवल्याचं ऐकिवात नाही. तेच काम करणाऱ्या व्यक्तीने अ‍ॅप्रन घातला, तिच्या हाताला पीठ लागलं, की अचानक नियमावली आठवते.

आता त्या ‘विक्री विभागाने केलेल्या जुळणी’कडे येऊ. चेटकीण आणि बेकरी यांचा काही संबंध नाही म्हणता? ग्रिम बंधूंचा पहिला संग्रह 1812 सालचा. त्यातल्या हान्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीत चेटकिणीचं घर पावाचं आहे, छप्पर केकचं, खिडक्या साखरेच्या, आणि गोष्टीचा शेवट होतो तो ओव्हनमध्ये. आत जाते ती म्हातारी. दोनशे वर्षं आपण ही गोष्ट मुलांना झोपताना सांगतो आणि एक बाई भट्टीत जिवंत जळते तिथे टाळी वाजवतो. मृत्यू गोंडस करण्याबद्दल कुणीतरी काही म्हणत होतं ना?

पण ग्रिमच्याही मागे जायला हवं, कारण खरी गोष्ट तिथे आहे. 1584 साली इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या रेजिनल्ड स्कॉट या गृहस्थाने चेटकिणींवरच्या खटल्यांविरुद्ध एक जाडजूड ग्रंथ लिहिला. चेटकीण म्हणून पकडल्या जाणाऱ्या बायका असतात तरी कोण, याचं त्याने वर्णन केलं आहे. म्हाताऱ्या, लंगड्या, गरीब बायका, ज्या दारोदार फिरून थोडं दूध, थोडं खमीर, भांडंभर लापशी मागतात. घरधनीण कधी देते, कधी हाकलते. हाकललेली म्हातारी काहीतरी पुटपुटत जाते. मग महिन्याभराने त्या घरातलं वासरू मरतं, पोर आजारी पडतं, आणि गावाला ते पुटपुटणं आठवतं. कीथ थॉमस आणि अ‍ॅलन मॅकफार्लेन या इतिहासकारांनी अनुक्रमे 1971 आणि 1970 सालच्या आपल्या ग्रंथांत इंग्लंडमधल्या असंख्य खटल्यांची हीच घडण दाखवून दिली. आधी नकार, मग नकार देणाऱ्याच्या मनातली टोचणी, मग त्या टोचणीचा आरोप होऊन मागणाऱ्या बाईवर उलटणं. युरोपात साधारण 1450 ते 1750 या काळात अशा खटल्यांत चाळीस ते साठ हजार माणसं मारली गेली असा अंदाज आहे, आणि त्यांतल्या तीन चतुर्थांशाहून अधिक बायका होत्या.

खमीर मागायला आलेली बाई! तीच बाई आज स्वतःच्या नावाची पाटी लावून, स्वतःचं खमीर रात्रभर फुगवून, पहाटे दुकान उघडते आणि गावाला पाव विकते. कालपर्यंत गाव तिला दारातून हाकलत होतं, आता तिच्या दारात रांग लावतं. ही जुळणी जर खरोखर एखाद्या विक्री विभागाने केली असेल तर त्या विभागाला इतिहासाची डॉक्टरेट द्यायला हवी.

सेलमला तर पावाचा संबंध शब्दशः आहे. 1692 सालचा फेब्रुवारी, मॅसॅच्युसेट्समधलं सेलम गाव. पाद्री सॅम्युएल पॅरिसच्या घरातल्या मुलींना झटके येऊ लागले. मेरी सिब्ली नावाच्या शेजारणीने उपाय सुचवला, आणि त्यानुसार पाद्र्याच्या घरातल्या गुलामांनी राईच्या पिठात त्या मुलींचं मूत्र कालवून एक केक भाजला व कुत्र्याला घातला. चेटूक कुणी केलं ते त्यातून कळणार होतं. थोड्याच दिवसांत पहिल्या तीन अटका झाल्या. केकमध्ये हात असलेली टिट्युबा, ही गुलाम. सारा ऑस्बर्न, आजारी आणि गावात बदनाम. सारा गुड, दारोदार भीक मागणारी, नकार मिळाला की पुटपुटत जाणारी. स्कॉटने शंभर वर्षांपूर्वी रंगवलेल्या चित्रातून उठून आल्यासारखी. वर्षभरात एकोणीस जणांना फाशी झाली, त्यांत चौदा बायका. जाइल्स कोरी नावाच्या म्हाताऱ्याला छातीवर दगड रचून मारलं. आणि पुरावा कसला, तर आरोपीची छायाकृती येऊन मला चिमटे काढते, असं साक्षीदाराने भर कोर्टात सांगायचं. छायाकृती बाकी कुणाला दिसायची नाही.

ही घडण आणि चेटकिणीच्या बेकरीची कथा शेजारी शेजारी ठेवून पाहा. छोटं गाव तेच. सगळे एकमेकांना ओळखतात तेही तेच. काहीतरी वाईट घडतं, आणि बोटं वळतात ती वेगळ्या राहणाऱ्या, जडीबुटी जाणणाऱ्या, कुणाच्या आधाराशिवाय जगणाऱ्या बाईकडे, नाहीतर तिच्या माणसांकडे. इथवर सेलम आणि सव्हॅनात फरक नाही. फरक पुढे आहे. इथे आरोपी स्वतः तपास करते. छायाकृतीवर कुणी फासावर जात नाही. कोण कुठे होतं, विष कुठून आलं, मृत्युपत्र कुणी बदललं हे एकेक करून दाखवावं लागतं. म्हणजे चेटकिणीचा खटला पुन्हा चालवला जातो, आणि या खेपेला पुरावा मागितला जातो. यात मांजर असलं तर असू दे की.

तरीही अंधश्रद्धेचा आक्षेप उरतोच, आणि त्याच्यामागची कळकळ मी नाकारत नाही. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. ज्या राज्याने हा कायदा इतक्या महागात घेतला तिथे चेटूक हा शब्द हलक्याने वापरू नये, हे बरोबर. पण तो कायदा वाचला आहे का? त्याच्या अनुसूचीत गुन्हा म्हणून नोंदवलेली एक गोष्ट अशी: अमुक व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते, मंत्रतंत्राने जनावराचं दूध आटवते असं भासवणं, तिच्यामुळे संकटं किंवा रोगराई येते असा आरोप करणं. दूध आटवणं! केंटमधल्या शेतकऱ्याची तक्रार आणि नंदुरबारच्या पाड्यावरची तक्रार यांत गायीच्या जातीपुरताच काय तो फरक. कायद्याने कल्पित चेटकिणीच्या गोष्टीला हात लावलेला नाही. त्याने बोट ठेवलं आहे ते आरोप करणाऱ्यावर. ब्रिटनच्या 1735 च्या कायद्यानेही चेटकिणीवरचा रोख असाच काढून घेतला होता. चेटूक हा गुन्हाच राहिला नाही, चेटकाची शक्ती असल्याचा दावा हा गुन्हा ठरला, आणि चेटकिणींवरचे खटले कायद्याने बंद झाले.

मग या पुस्तकांत अंधश्रद्धा कुठे आहे? अंधश्रद्धा म्हणजे पुराव्याऐवजी आरोप पुरेसा मानणं. अगाथा ख्रिस्तीची ‘द पेल हॉर्स’ ही 1961 सालची कादंबरी पाहा. एका खेडेगावात जुन्या खाणावळीच्या इमारतीत तीन बायका राहतात, मंत्रतंत्र करतात, आणि त्यांनी नाव घेतलं की दूर शहरात माणूस मरतो असा बोलबाला आहे. माणसं खरंच मरतात. रहस्य फोडल्याबद्दल माफ करा, पण पुस्तकाला साठ वर्षं उलटली आहेत: मंत्राने कुणीही मरत नाही. ग्राहक सर्वेक्षणाच्या मिषाने लोकांच्या घरातल्या वस्तूंची माहिती काढली जाते आणि त्या वस्तूंत थॅलियम हे विष घालून परत ठेवलं जातं. मंत्रतंत्र हा पडदा, पडद्यामागे धंदा. भोंदूगिरी चालते कशी हे याहून स्वच्छ कुणी समजावून सांगितलं असेल तर मला दाखवा. ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात औषधांच्या विभागात काम करत होती, विषांच्या बाबतीत ती अंदाजपंचे लिहीत नसे.

आणि चेटकिणीचं नाव घेतल्याने मुलं बिघडतात म्हणावं, तर रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहतो आहोत. दिलीप प्रभावळकरांची आणि अलीकडे वैभव मांगल्यांची चिंची चेटकीण रंगमंचावर आली की पोरं किंचाळतात, खिदळतात. त्या नाट्यगृहातून बाहेर पडलेलं कुठलंही पोर शेजारच्या आजीला डाकीण म्हणायला शिकलेलं नाही. डाकीण म्हणायला शिकवतात ते जमिनीचे वाद. झारखंडच्या छुटनी महतोंना 1990 च्या दशकात गावाने चेटकीण ठरवून छळलं. त्या तिथून निसटल्या आणि पुढची वर्षं त्यांनी अशाच ठपक्याच्या बायकांना सोडवण्यात घालवली. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा छळ करणारे कुठली कादंबरी वाचून आले होते?

बायकांच्या वाचनाचं काय ते एका परिच्छेदात आटपू, त्याहून जास्त जागा त्याला देणं अपमानास्पद आहे. 1930 साली ‘मर्डर अ‍ॅट द व्हिकरेज’मध्ये अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल पहिल्यांदा कादंबरीत आली: अविवाहित, म्हातारी, बाग आणि शेजाऱ्यांवर नजर. तिच्या चांभारचौकशांना गाव हसतं आणि त्याच चौकशांतून खुनी सापडतो. नव्वद वर्षं बायका असली पुस्तकं लिहीत, वाचत, एकमेकींना देत आल्या, आणि समीक्षक जांभया देत राहिले. 2020 साली रिचर्ड ऑस्मन या टीव्हीवरच्या प्रसिद्ध गृहस्थाने ‘द थर्सडे मर्डर क्लब’ लिहिली, चार म्हातारे, वृद्धनिवास, केक आणि खून, आणि एकाएकी सगळ्यांना कोझी रहस्यकथेत माणुसकी, विनोद, वार्धक्याचं चिंतन दिसू लागलं. पुस्तक चांगलंच आहे. चिंतनही आहे. पण ते आधी नव्हतं का?

शेवटचा आक्षेप मला सगळ्यांत जास्त आवडतो, कारण तो सगळ्यांत शहाजोग आहे. पाव भाजणाऱ्या बाईने खून शोधायचा? तपास हे अधिकारी माणसांचं काम, हौशी लोकांचं नव्हे. वास्तवात असं कधी घडत नाही, म्हणे. मग हे ऐका. 1977 साली लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये कतारहून आणलेली दीड वर्षाची एक मुलगी मरणाच्या दारात होती आणि तज्ज्ञ डॉक्टरांना रोग उमगत नव्हता. तिची शुश्रूषा करणारी परिचारिका त्या वेळी ‘द पेल हॉर्स’ वाचत होती. मुलीचे केस गळताना पाहून तिला पुस्तकातली लक्षणं आठवली, आणि हे थॅलियम असेल का, असं तिने विचारलं. तपासणीत थॅलियम निघालं. मुलगी वाचली.

आणि सेलमचं तर अजून संपलेलंच नव्हतं. अँडोव्हरची एलिझाबेथ जॉन्सन ही बावीस वर्षांची मुलगी त्या खटल्यांत दोषी ठरली होती. फाशी टळली, पण दोष राहिला. 1711 साली सरकारने बऱ्याच जणांवरचा कलंक पुसला, तेव्हा तिचं नाव यादीत आलं नाही. तिने लग्न केलं नाही, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तिच्यासाठी भांडायला वंशजही नव्हते. तीनशेहून अधिक वर्षं ती कायद्याच्या कागदावर चेटकीणच राहिली. मग नॉर्थ अँडोव्हरच्या शाळेतल्या आठवीच्या मुलांनी आपल्या नागरिकशास्त्राच्या तासाला तिचं प्रकरण हाती घेतलं, जुनी कागदपत्रं उकरली, आमदारांच्या मागे लागली, आणि जुलै 2022 मध्ये मॅसॅच्युसेट्सने तिला निर्दोष ठरवलं. ती मुलं हौशीच होती. अधिकारी माणसं, म्हणजे मुलींच्या झटक्यांत वाईट शक्तीचा हात पाहणारा डॉक्टर, व्यासपीठावरून बोलणारा धर्मगुरू आणि छायाकृतीची साक्ष नोंदवून घेणारे न्यायाधीश, ही सगळी 1692 साली जागच्या जागी हजर होती. खटला त्यांनीच चालवला होता.